गोळी घ्यायची की नाही, हे कुठल्या पेपरला विचारायचं?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आहे. वय ५०, पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं. दिवसातून सात-आठ वेळा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, झोप मोडते आणि सकाळी फळ्यासमोर उभं राहिल्यावर डोकं चालत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी मात्र अजून पर्समध्येच आहे, कारण घरच्यांनी पाठवलेले तीन शोधनिबंध. लेकीने पाठवलेल्या पेपरात हॉर्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार निम्म्याने कमी झाल्याचं लिहिलंय. नणंदेने पाठवलेला पेपर म्हणतो की त्याच हॉर्मोनने स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो आणि हृदयविकारही वाढतो. शाळेतल्या मैत्रिणीने तिसराच पेपर दिलाय: रोज जवस खाल्लं तर वाफा निम्म्यावर येतात, गोळी कशाला हवी? बाई विचारतात, "तिन्ही छापून आलेले आहेत, तिन्ही डॉक्टरांनीच लिहिलेत. त्यांचंच एकमत नसेल तर आमच्यासारख्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा? का हे वाचणंच सोडून द्यावं?" मावशीला साठीनंतर स्तनाचा कर्करोग झाला होता, हेही त्यांनी पत्रात लिहिलंय.

प्रिय ताई,

वाचणं सोडू नका, हे आधी सांगते. मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकवताना मी पाहिलंय, एमबीबीएसची मुलंसुद्धा नेमकी इथेच अडकतात. पेपर हातात आला की थेट शेवटचा निष्कर्ष वाचतात. तुम्हीही तिघींच्या पेपरांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवलेत आणि ते एकमेकांशी भांडताना दिसले. आता निष्कर्ष झाका आणि प्रत्येक पेपरने कुठला प्रश्न विचारला होता, कुणाला विचारला होता आणि कसा विचारला होता, एवढंच शेजारी ठेवून बघा. भांडण बरंचसं मिटतं. आणि एक गोष्ट लक्षात येते: "पन्नाशीतल्या, झोप उडालेल्या बाईने ही गोळी घ्यावी का?" हा तुमचा प्रश्न तिघांपैकी एकाही पेपरने विचारलेलाच नाही.

लेकीच्या पेपरापासून सुरुवात करू. वर्णनावरून तो १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीचा पेपर दिसतोय. हा अभ्यास १९७६ साली सुरू झाला. १,२१,७०० नर्सना दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवायची, त्या काय खातात, कुठली औषधं घेतात, त्यांना कुठले आजार होतात हे नोंदवत राहायचं. याला कोहॉर्ट म्हणतात. एक मोठा गट धरायचा आणि त्याच्या मागे वर्षानुवर्षं चालत राहायचं. कुणाला काही द्यायचं नाही, कुणाचं काही काढून घ्यायचं नाही. पाळी गेलेल्या अठ्ठेचाळीस हजारांवर नर्सचा दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा हॉर्मोन घेत असलेल्यांमध्ये हृदयविकार जवळपास निम्मा आढळला. आकडा खरा आहे, मेहनत अफाट आहे.

पण हॉर्मोन घ्यायचं हे ठरवलं कुणी? त्या बायकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी. आणि असं औषध स्वतःहून घेणाऱ्या बायका बहुतेक वेळा आधीपासूनच तब्येतीने बऱ्या असतात. वजन आटोक्यात, मधुमेह कमी, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. मग हृदय वाचलं ते गोळीने की त्या मुळातच तशा होत्या म्हणून? संशोधक वजन, सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब लावून हा फरक पुसायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते पुसता येत नाही. म्हणून कोहॉर्टचा पेपर "हे आणि ते एकत्र आढळतं" एवढं खात्रीने सांगतो. "ह्याच्यामुळे ते झालं" असं म्हणायला तो बहुतेक वेळा एकटा पुरत नाही.

ही शंका तेव्हाही होतीच. तरीही डॉक्टरांनी अमेरिकेत लाखो बायकांना हृदयाच्या रक्षणासाठी म्हणून हॉर्मोन लिहून दिलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण चुकीच्या प्रकारच्या पेपरावर फार मोठा भार टाकला की काय होतं ते इथे दिसतं. १९९८ साली हर्स नावाची चाचणी आली. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका घेतल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला हॉर्मोन, दुसऱ्याला अगदी तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. चार वर्षांनी हिशेब केला तर फायदा शून्य, आणि पहिल्या वर्षात तर हॉर्मोनच्या गटात त्रास थोडा जास्तच.

तुमच्या वन्संनी पाठवलेला पेपर याच्या पुढचा आहे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही अमेरिकेतली मोठी चाचणी, जामा नावाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये जुलै २००२ मध्ये छापलेली. गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ बायका, वय ५० ते ७९. कुणाला खरी गोळी आणि कुणाला बिनऔषधाची, हे बाईने ठरवलं नाही, डॉक्टरांनीही ठरवलं नाही, नुसत्या योगायोगावर सोडलं. असं केलं की सुखवस्तू, व्यायाम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या, चिंता करणाऱ्या अशा सगळ्या प्रकारच्या बायका दोन्ही गटांत सारख्याच विखुरतात. अगदी ज्या गोष्टी कुणी मोजल्याच नाहीत, त्यासुद्धा. मग पुढे दोन गटांत फरक दिसला तर त्याचं कारण गोळीच, असं म्हणायला आधार मिळतो. चाचणी साडेआठ वर्षं चालायची होती, पण पाच वर्षांनंतरच थांबवली, कारण तोटे फायद्यांपेक्षा जड झाले होते.

आता २६ टक्के. तुम्ही गणिताच्या बाई आहात, हे तुम्हीच वर्गात शिकवता: टक्के कशाचे, हे आधी विचारायचं. शंभरातल्या सव्वीस जणींना कर्करोग झाला, असा त्याचा अर्थ नाही. बिनऔषधाच्या गोळीच्या गटात दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, हॉर्मोनच्या गटात ३८ जणींना. तीसवर आठ वाढले, म्हणून सुमारे सव्वीस टक्के. आठ बायका म्हणजे आठ घरं, तो आकडा मी लहान म्हणणार नाही. पण "दहा हजारांत आठ जास्त" ऐकून माणूस विचार करतो आणि "सव्वीस टक्के जास्त" ऐकून घाबरतो. त्याच हिशेबात दर दहा हजारांमागे वर्षाला हृदयविकार ७ ने जास्त, पक्षाघात ८ ने जास्त, फुफ्फुसात रक्ताची गुठळी ८ ने जास्त. आणि खुब्याचं हाड मोडणं ५ ने कमी, मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी. वन्संनी शेवटच्या दोन ओळी तुम्हाला दाखवल्या नसाव्यात. त्यांचा दोष नाही, वर्तमानपत्रांनीही फारशा दाखवल्या नव्हत्या.

पण या पेपरातली सगळ्यात कामाची जागा निष्कर्षात नाहीच. ती पहिल्या तक्त्यात आहे. कुठल्याही चांगल्या पेपरात पहिला तक्ता हा भाग घेतलेल्यांची ओळख करून देणारा असतो. वय किती, वजन किती, आधीचे आजार कोणते. तिथे लिहिलंय की या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. का? कारण चाचणीचा प्रश्न होता, "पाळी गेलेल्या बायकांना हृदयविकार टाळण्यासाठी ही गोळी द्यावी का?" हृदयविकार मोजायचा तर वयस्कर बायकाच घ्याव्या लागतात. ज्यांना वाफांनी जीव नकोसा झालाय अशा बायका त्यात फारशा नव्हत्याच. त्यांना बिनऔषधाच्या गोळीवर वर्षानुवर्षं ठेवणार तरी कसं? म्हणजे पेपर अस्सल आहे, त्याचं उत्तरही स्पष्ट आहे: हृदयाच्या रक्षणासाठी साठीतल्या बायकांना ही गोळी देऊ नका. ते उत्तर आजही कायम आहे. फक्त तो प्रश्न तुमचा नव्हता.

याच संशोधकांनी २००७ साली तेच आकडे वयाप्रमाणे आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली त्याप्रमाणे पुन्हा मांडले. पाळी जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती त्यांच्यात हृदयविकार वाढलेला दिसला नाही, वीस वर्षं उलटून गेलेल्यांमध्ये वाढलेला दिसला. पक्षाघाताचा धोका मात्र वयाने बदलला नाही. नर्सच्या अभ्यासातल्या बऱ्याच जणींनी पाळी जाताजाताच गोळी सुरू केली होती. तेव्हा दोन पेपरांत जो फरक दिसतो त्यात तब्येतीच्या निवडीचा वाटा आहे तसाच बहुधा वयाचाही. असे पेपर, म्हणजे जुन्याच चाचणीचे नंतर पाडलेले तुकडे, वाचताना जरा हात राखून वाचावेत. पुरेसे तुकडे पाडले की कुठल्यातरी तुकड्यात काहीतरी चमकदार सापडतंच. मात्र इथे त्याला बाकीच्या अभ्यासांची जोड मिळत गेली. २०१७ साली तर या बायकांचा अठरा वर्षांचा हिशेब आला: गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकूण मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

गर्भपिशवी काढलेल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, अशा बायका पुष्कळ आहेत. त्यांच्यावर वेगळी चाचणी झाली होती. वन्संच्या पेपरातल्या गोळीत इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टिन अशी दोन हॉर्मोन होती; इथे १०,७३९ बायका, नुसतं इस्ट्रोजेन, दुसरं हॉर्मोन नाही. ती २००४ साली पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे थांबवली, पण तिच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. तेव्हा वन्संचा पेपर त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. मग गर्भाशय असलेल्यांना दुसरं हॉर्मोन का देतात? त्याचं उत्तर आणखी जुन्या आणि आणखी वेगळ्या प्रकारच्या पेपरांत आहे. १९७५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्येच दोन केस-कंट्रोल अभ्यास एकदम आले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या बायका घ्यायच्या, तो न झालेल्या तशाच बायका घ्यायच्या आणि मागे वळून विचारायचं, आधी इस्ट्रोजेन कुणी घेतलं होतं? एका अभ्यासात तर कर्करोगाच्या ३१७ बायका आणि तुलनेच्या ३१७. एवढ्याशा संख्येतून धोका साडेचार पट निघाला. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, तरी तो इशारा खरा ठरला आणि म्हणूनच आज गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतेय. "चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी तेवढी खरी, बाकी सगळं कचरा" असा एक नवा समज हल्ली शिकलेल्यांत पसरलाय. तसं नसतं. कुठला प्रकार चांगला, हे प्रश्नावर ठरतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलं की ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. तो एका वेळेचा, फोटो काढावा तसा पाहणी अभ्यास होता. त्यात औषध नव्हतं, तुलनेचा गट नव्हता. पण "खेड्यातल्या बायकांना किती त्रास आहे?" या प्रश्नाला याहून चांगला प्रकार कुठला असणार? त्या एका पेपराने गावातल्या बाईच्या दुखण्याकडे जगाला बघायला लावलं.

आता जवस. मला या पेपराबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण असे पेपर सगळ्यात जास्त फिरतात आणि मैत्रिणीचा हेतू अगदी चांगला आहे. तिने पाठवला तो २००७ सालचा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांचा असणार. बायका जेमतेम तीसेक. रोज ४० ग्रॅम कुटलेलं जवस, सहा आठवडे. सुरुवातीला दिवसाला सरासरी ७.३ वाफा, शेवटी ३.६. निम्म्या! पण तुलनेचा गट नाही. जवस न खाता नुसत्या सहा आठवडे थांबल्या असत्या तर त्या बायकांचं काय झालं असतं, हे त्या पेपराला माहीतच नाही. आणि वाफांच्या बाबतीत नेमकं हेच कळीचं आहे. माणूस अभ्यासात नाव घालतो ते त्रास सगळ्यात वाढलेला असताना. त्यानंतर तो थोडाफार आपोआप उतरतोच. शिवाय कुणीतरी आपली विचारपूस करतंय, आपण काहीतरी घेतोय, यानेही फरक पडतो. हॉर्मोन आणि वाफांवरच्या चोवीस चाचण्या एकत्र करणारा, कॉक्रेन या असे आढावे काढणाऱ्या संस्थेचा एक आढावा २००४ साली आला. त्यात बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफासुद्धा सुरुवातीपेक्षा ५७.७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. जवसाच्या पन्नास टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवा.

त्या संशोधकांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण ते तिथे थांबले नाहीत. लहान पेपर हा पायलट होता, म्हणजे मोठी चाचणी करण्यात अर्थ आहे का एवढंच चाचपून बघणारा. मग त्यांनी १८८ बायकांवर नीट चाचणी केली, चिठ्ठ्या टाकून. एका गटाला जवस घातलेली वडी, दुसऱ्याला तशीच पण जवस नसलेली. २०१२ साली निकाल छापला: दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून थोड्या जास्त बायकांच्या वाफा निम्म्यावर आल्या. दोन्ही गटांत! म्हणजे जवसाचा वेगळा असा गुण दिसला नाही. पहिला पेपर खोटा नाही, पण त्याच्या पुढची गोष्ट दुसऱ्या पेपरात आहे आणि फिरतो मात्र पहिलाच. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, चवीला आणि पोटाला चांगली आहे. वाफांचं औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तुम्ही आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे: छापून आलं आणि डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे ते संशोधन. जर्नलमध्ये संशोधनाखेरीज बरंच काही छापतात. एकाच रुग्णाची हकिगत असते, तिला केस रिपोर्ट म्हणतात; नव्या दुष्परिणामाची पहिली चाहूल बऱ्याचदा तिथेच लागते, पण एका रुग्णावरून दुसऱ्याचा उपचार ठरत नाही. संपादकीय असतं, ते मत असतं. वाचकांची पत्रं असतात. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं होतं: इस्पितळात अफूवर्गीय वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद चौघांचीच. इस्पितळात, देखरेखीखाली, एवढाच त्याचा आवाका. पुढे सहाशेहून जास्त लेखांनी त्या पत्राचा दाखला दिला आणि अनेकांनी तो "ही औषधं घरी, दीर्घकाळ घेतली तरी व्यसन लागत नाही" असा वापरला. २०१७ साली जर्नललाच त्या पत्रावर सावधानतेची टीप लावावी लागली. अमेरिकेत तोवर त्या औषधांनी किती घरं उद्ध्वस्त केली, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल.

आणि आढावा लेख. यांचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना रिव्ह्यूच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. एकात जाणकार लेखक त्याला महत्त्वाचे वाटलेले पेपर निवडून विषय समजावून सांगतो. दुसऱ्यात आधीच जाहीर करतात की आम्ही कुठे शोधणार, काय शोधणार, कुठले अभ्यास घेणार आणि कुठले वगळणार. मग सापडेल ते सगळं, आवडो न आवडो, तोलायचं. याला पद्धतशीर आढावा म्हणतात, आणि त्यातले आकडे एकत्र करून एक उत्तर काढलं की मेटा-अ‍ॅनालिसिस. पहिल्या प्रकारात लेखकाची निवड हेच सगळं असतं. हॉर्मोनच्या बाबतीत तर याची फार वाईट कहाणी आहे. प्रेमॅरिन ही इस्ट्रोजेनची गोळी बनवणाऱ्या वायेथ कंपनीने पैसे देऊन व्यावसायिक लेखकांकडून आढावा लेख तयार करून घेतले आणि वर नामवंत डॉक्टरांची नावं लागली. खटल्यातली कागदपत्रं २००९ साली खुली झाली तेव्हा हे जगाला कळलं. तेव्हापासून मी पेपराच्या शेवटी असलेला बारीक अक्षरांतला मजकूर, पैसे कुणी दिले आणि लेखकांचे हितसंबंध काय, तो आधी वाचते. तुम्हीही वाचा.

मग पुढचा पेपर मोबाइलवर आला की काय करायचं? त्याचं नाव पबमेडवर टाकून बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही यादी फुकट आहे. लेखाच्या पानावर खाली बहुतेक वेळा प्रकार लिहिलेला असतो: क्लिनिकल ट्रायल, रिव्ह्यू, केस रिपोर्ट, लेटर, एडिटोरियल. पेपर मागे घेतला गेला असेल तर तेही तिथे ठळक दिसतं. पुष्कळदा नावातच रँडमाइज्ड (म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेला), कोहॉर्ट, पायलट, इन माइस असे शब्द असतात. उंदरांवरचा असेल तर तुमच्या निर्णयापुरता तिथेच बाजूला ठेवा. माणसांवरचा असेल तर गोषवाऱ्यात तीन गोष्टी शोधा: किती जण, कोण होते, तुलना कशाशी. टक्केवारी दिसली की मूळ आकडे शोधा, आणि ते दिलेलेच नसतील तर त्या टक्केवारीवर काही ठरवू नका. एवढं झालं की त्याच विषयावर नंतरचा पद्धतशीर आढावा आहे का ते बघा. कॉक्रेनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. हे काम लेकीला द्या. तिला इंटरनेटवर शोधायची सवय आहे आणि आईसाठी काहीतरी करायचंय, हे तिने पेपर पाठवला त्यातच दिसतं. फक्त "चांगलं की वाईट" असं शोधू नकोस, "पन्नाशीच्या आसपास, वाफांसाठी, हॉर्मोन" असं शोध, असं सांगा.

अशा सगळ्या पुराव्यावर तज्ज्ञांच्या संस्था मार्गदर्शक सूचना काढतात. आपल्याकडे इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या आहेत. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२२ साली म्हटलंय की वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि गोळी चालणार नाही असा दुसरा आजार नसेल, तर त्रासदायक वाफांसाठी हॉर्मोनचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं उत्तर हे आहे. आणि वाफा कमी करण्यात हॉर्मोनचा हात कुणी धरत नाही: कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात बिनऔषधाच्या गोळीच्या तुलनेतही वाफा आणखी ७५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

"दुसरा आजार नसेल तर" हे त्यातले महत्त्वाचे शब्द, आणि तिथे कुठलाच पेपर कामाचा नाही, तिथे तुमच्या डॉक्टर हव्यात. मावशींचं तुम्ही त्यांना सांगितलंय का? पत्रावरून तसं वाटत नाही. एका मावशीला साठीनंतर झालेला कर्करोग म्हणजे गोळीला आपोआप बंदी नव्हे, पण त्यांना ते माहीत असायलाच हवं. आईकडच्या आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, कितव्या वर्षी, हे आईला विचारून लिहून न्या. तुम्हाला स्वतःला कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा पाळी गेल्यावर अकारण रक्तस्राव झाला असेल तर तेही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, मॅमोग्राफी करून घ्या. आणि हे विचारा: गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच चालेल का? २००२ सालची चाचणी एका विशिष्ट गोळीची होती. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने गुठळ्यांचा धोका कमी असतो असं नंतरच्या अभ्यासांत दिसलंय, पण ते मुख्यतः निरीक्षणाचे अभ्यास आहेत. अशा अभ्यासांवर किती भार टाकायचा, ते आता तुम्हाला माहीत आहे. हॉर्मोन नकोच असं ठरलं तरी रिकाम्या हाताने परत येऊ नका. कमी मात्रेतली काही नैराश्यावरची औषधं आणि गॅबापेंटिन हे मुळात फिट्सवरचं औषध यांनी वाफा कमी होतात, त्यांच्याही चाचण्या झालेल्या आहेत.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत दोन आठवडे एका वहीत रोजच्या वाफा मोजा, रात्री किती वेळा उठावं लागलं तेही लिहा. उपचार कुठलाही सुरू करा, तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे मोजा आणि दोन्ही पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. फरक नसेल तर औषध तसंच चालू ठेवण्यात अर्थ नाही. फरक असेल तर मात्रा कमीत कमी किती पुरते हे त्यांच्याशी बोलून ठरवा आणि दरवर्षी नव्याने विचार करा, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका किती वर्षं गोळी घेतली त्याप्रमाणे वाढत जातो. मधल्या काळात पुन्हा रक्तस्राव झाला, पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा छातीत दुखून दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.